सोळा गावांचा पुरावा

सोलापूर हे नाव कसे पडले, असे मोबाइलला विचारले की क्षणात उत्तर येते: सोळा गावे मिळून हे शहर झाले, म्हणून सोलापूर. इथल्या महाविद्यालयांत पदवीच्या शेवटच्या वर्षाला जे प्रोजेक्ट लिहिले जातात, त्यांचा विषय शहराशी जरा जरी जुळलेला असला (चादर असो, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असो, नाहीतर पाणीपुरवठा), तर पहिल्या प्रकरणात ही सोळा गावे हजर असतात. शब्द थोडे इकडचे तिकडे, एवढाच फरक. गाइडही ते पान वाचून उलटतात, कारण त्यांच्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्येही ती गावे होतीच.

या सोळा गावांची यादी जिल्ह्याच्या सरकारी माहितीत मिळते. ती सावकाश वाचली तर काय दिसते? आदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, मुहम्मदपूर, शेखपूर अशी नावे आहेत. सोनलगी, सोनापूर, संदलपूर आहेत. आणि त्याच सोळांत एक गाव चक्क सोलापूर नावाचे आहे. सोळा गावे एकत्र आली म्हणून जे नाव पडले, ते नाव त्या सोळांपैकी एकाला आधीच होते म्हणायचे! एवढी शंका यायला कुठल्या ग्रंथालयात जावे लागत नाही. यादी शेवटपर्यंत वाचण्याइतका धीर पुरतो.

पुढची पायरी थोडी अवघड आहे. बाराव्या शतकातल्या, कल्याणीच्या कलचुरींच्या काळच्या लेखांत या गावाला सोन्नलगे म्हटले आहे. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या संस्कृत शिलालेखात सोनलीपूर असे रूप येते. तो शके १२३८चा, म्हणजे इसवी सन १३१६च्या आसपासचा. बहमनी राज्य स्थापन झाले १३४७ साली. म्हणजे अहमदपूर, फत्तेपूर अशी नावे या मुलखात रुजण्याच्या आधीच गावाचे नाव सोन्नलगेवरून सोनलीपूरपर्यंत चालत आले होते. सोलापूरच्या किल्ल्यातल्या एका लेखात पुढे सोनलपूर आढळते. तिथून सोलापूर कितीसे लांब? आसपासची वाड्या-गावे शहरात मिसळली, हे खरे असू शकेल. ती नेमकी सोळा असतीलही. नाव मात्र त्यांच्यामुळे पडलेले नाही.

सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच आहे. सोळा गावांची कथा ज्या सरकारी माहितीत आहे, तिथेच पुढच्या ओळींत शिलालेखांचा हा दाखला देऊन त्या कथेला आधार नसल्याचेही म्हटले आहे. चूक आणि दुरुस्ती एकाच पानावर शेजारी नांदताहेत. चूक हजारो वेळा उचलली गेली, दुरुस्ती तिथेच राहिली. हा दोष इंटरनेटच्या माथी मारता येणार नाही. माहिती होती, फुकट होती, मराठीत आणि इंग्रजीतही होती. पहिले वाक्य मिळताच बोट थांबले, एवढेच.

१४४० साली इटलीत लोरेन्झो व्हाला नावाच्या पंडिताने हेच काम फार मोठ्या कागदावर केले होते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला बहाल केल्याचा एक दस्तऐवज शतकानुशतके दाखवला जाई. कॉन्स्टंटाइनच्या काळच्या रोमन दस्तऐवजात येणेच शक्य नाही असे शब्द त्यात व्हालाने शोधले आणि तो कागद बनावट ठरवला. अहमदपूर आणि फत्तेपूर बघून सोळा गावांच्या कथेवर शंका घेणारा विद्यार्थी नकळत त्याच वाटेने चाललेला असतो. महाविद्यालयात संशोधन पद्धतीच्या तासाला प्राथमिक साधने, दुय्यम साधने, गृहीतक, नमुना निवड हे सारे पाठ करून घेतात. व्हालाने काय केले ते अर्धा तास सांगितले आणि मग सोळा गावांची यादी हातात दिली, तर मला वाटते निम्मा अभ्यासक्रम तिथेच उरकेल. (परीक्षेत त्यावर प्रश्न कसा काढायचा, ही अडचण उरतेच.)

सोलापुरात पुरावा पडताळण्याची ही विद्या कशी शिकली जाते, याचे उदाहरण विद्यापीठाबाहेर घडले. आनंद कुंभार वीज मंडळात नोकरी करत. कुठल्याही महाविद्यालयाच्या हजेरीपटावर प्राध्यापक म्हणून त्यांचे नाव नव्हते. जिल्ह्यातल्या गावोगावी देवळांच्या भिंती, तुळया, पडलेले दगड बघत ते हिंडले. इथले जुने शिलालेख मोठ्या संख्येने कन्नड आहेत. त्यामुळे मराठीच्या अभ्यासकालाही हळेगन्नडची, म्हणजे जुन्या कन्नडची, वाट टाळता येत नाही. धारवाडच्या श्रीनिवास रित्ती यांच्यासोबत त्यांनी जिल्ह्यातल्या शिलालेखांचा संग्रह सिद्ध केला, तो १९८८मध्ये प्रसिद्ध झाला. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे असलेला शके ९४०चा मराठी लेख त्यांनीच उजेडात आणला. जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा आशयाची ओळ त्यात आहे. हजार वर्षांपूर्वी कोरणाऱ्याने वाचकावर एवढी भिस्त ठेवली होती हे वाचून बरे वाटते, पण भाषणात टाळी घेण्यापुरता तिचा उपयोग करून सोडून देऊ नये. त्यापेक्षा शके ९४० हा आकडा घ्यावा.

शिलालेखांत शकासोबत पुष्कळदा साठ वर्षांच्या चक्रातल्या संवत्सराचे नाव असते, आणि तिथेच पडताळा घेता येतो. शकाच्या आकड्यात १२ मिळवायचे, ६०ने भागायचे, बाकी उरेल त्या क्रमांकाचे संवत्सर. ९४० अधिक १२ म्हणजे ९५२; साठाने भागून बाकी ५२; प्रभव या पहिल्या संवत्सरापासून बावन्नावे कालयुक्त. शके ९४० म्हणणाऱ्या लेखात दुसरेच संवत्सर आले, तर आकडा वाचण्यात चूक आहे किंवा कोरण्यात. तसेच इसवी सन काढताना ७८ मिळवून मोकळे होता येत नाही. लेख माघ-फाल्गुनातला असला तर ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष उलटलेले असते. हे गणित पाचवीच्या मुलालाही जमेल. ते करावेसे वाटणे, दगडावर लिहिले आहे म्हणून तेवढ्यावर न थांबणे, ही शिकायची गोष्ट. मराठीतला आद्य शिलालेख कोणता, श्रवणबेळगोळचा, अक्षीचा की कुडलचा, हा वाद अशा बारीक पडताळ्यांवरच चालतो. श्रवणबेळगोळच्या ओळीवर तर तारीखच कोरलेली नाही. मोबाइल मात्र तिघांपैकी एकाचे नाव ठामपणे सांगून मोकळा होतो.

पायपीट होती म्हणून ज्ञान खरे होते, असला गळा मला काढायचा नाही. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २००४मध्ये. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि एखादा जुना ग्रंथ बघायचा म्हणजे कोल्हापूर किंवा पुणे गाठायचे. एसटीचे भाडे, राहण्याची सोय, ग्रंथपालाची मर्जी, यातच कितीतरी जणांची जिज्ञासा वाटेत संपली असेल. आज मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरचा १८८४चा विसावा खंड अक्कलकोटच्या एखाद्या मुलीच्या मोबाइलमध्ये उघडतो. केतकरांचा ज्ञानकोश उघडतो, मोल्सवर्थचा कोश उघडतो, विश्वकोश उघडतो. देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर पडलेले आहेत. हे भाग्य आधीच्या कुठल्याही पिढीच्या वाट्याला आले नव्हते.

पण पडद्यावर सगळे एकाच टाइपात दिसते. १८८४चा कलेक्टर कचेरीतला तपशील, काल कुणी पुढे ढकललेला मजकूर, एखाद्या पंडिताने वीस वर्षे घासून लिहिलेले वाक्य, आणि चॅटजीपीटीने आत्ता जुळवलेला परिच्छेद, सगळ्यांची अक्षरे तेवढीच काळी. पूर्वी कागदाचा वास, बांधणी, प्रकाशकाचे नाव, कपाटातली जागा हे काहीतरी बोलत असे. ते चुकीचेही बोलत असे, पण वाचणारा निदान सावध होई. आता ती खूण वाचणाऱ्याने स्वतः करायची.

अशा खुणेचा एक नमुना आपल्याकडे आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९मध्ये हाती घेतली आणि १९६६मध्ये पुरी केली. १,२५९ हस्तलिखिते त्या कामी तपासली गेली. विष्णु सीताराम सुखटणकरांनी घालून दिलेल्या त्या पद्धतीत मला सर्वांत मोहवणारी गोष्ट फार बारीक आहे. जिथे पाठाची खात्री कमी, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढलेली असते. वर मुख्य पाठ, खाली इतर पाठभेद, आणि मध्येच ती रेघ: इथपर्यंत आम्ही नक्की सांगतो, इथे मात्र जपून. चॅटजीपीटीसारख्या यंत्राच्या उत्तरात ती रेघ नसते. ते सोन्नलगेबद्दल बोलताना जितके निःशंक, तितकेच अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव आणि पृष्ठांक देतानाही निःशंक. तळाशी एखादे वाक्य असते की चूक होऊ शकते. पण ती सूचना सगळ्या उत्तराला सारखीच लागू. नेमकी कोणत्या शब्दाखाली रेघ ओढायची ते कळत नाही.

विद्यार्थ्याच्या टिपणवहीत ही रेघ आली पाहिजे, आणि ती लिहितानाच येते. वाचताना आपल्याला सगळे समजल्यासारखे वाटते. ‘सोलापूर हे नाव… वरून आले’ हे वाक्य स्वतःच्या हाताने पुरे करायची वेळ आली की पेन अडखळते. कुणी सांगितले? कुठे? कधीचा लेख? त्या अडखळण्यातून तळटीप जन्माला येते. आपल्याकडे तळटीप शेवटी, बाइंडिंगच्या आदल्या रात्री, डीटीपीवाल्याच्या शेजारी बसून घालतात. मग ती शोभेपुरती राहते. वाक्य लिहितानाच जी घातली जाते, ती कधीकधी वाक्यच बदलून टाकते. यंत्राकडून मसुदा लिहून घेण्यात माझ्या मते खरा तोटा हा आहे. लबाडीचा प्रश्न त्यानंतरचा. तयार मसुद्यात अडखळायची जागाच उरत नाही.

लबाडीवर उपाय म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये नियम केले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. पुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या पायऱ्या, चढत्या कारवाईसह. नियम हवेत, मी त्यांच्या बाजूचा आहे. पण झाले असे की संशोधनाचा प्रामाणिकपणा म्हणजे दहाच्या आतला आकडा, अशी समजूत बसली. सॉफ्टवेअर शब्दांचे साम्य मोजते. सोळा गावांची कथा वाक्यरचना फिरवून लिहिली तर साम्य शून्य टक्के आणि माहिती तरीही खोटी. उलट कामतीच्या लेखाचे वाचन जसेच्या तसे, अवतरणात, नाव घेऊन दिलेला मुलगा मात्र उगाच धास्तावतो.

एक शब्द दिसला की मी विद्यार्थ्यांना थांबायला सांगतो: ‘एकमेव’. मे १९३०मध्ये सोलापुरात इंग्रजी अंमल काही दिवस कोलमडला, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याला फाशी दिले गेले. हे इतके मोठे आहे की त्याला विशेषणाची गरज नाही. तरी ‘स्वातंत्र्यापूर्वी स्वातंत्र्य भोगलेले देशातले एकमेव शहर’ हे वाक्य सगळीकडे फिरते. बलिया, तामलुक, साताऱ्याचे प्रतिसरकार या अशाच घटनांची नावे नुसती शेजारी ठेवली तरी १९४७पूर्वीचा ‘एकमेव’ गळतो, आणि सोलापूरचे काही कमी होत नाही.

सोलापूरच्या विद्यार्थ्याजवळ एक साधन असे आहे की ते पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याजवळ सहसा नसते, आणि ते त्याला कुणी साधन म्हणून दाखवत नाही. वर्गात मराठी बोलणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी कन्नड, तेलुगू किंवा दखनी उर्दू चालते. ज्या सिद्धेश्वराच्या यात्रेवर प्रोजेक्ट लिहिले जाते, त्याला कन्नड परंपरा ‘सोन्नलिगे सिद्धराम’ म्हणूनच ओळखते. सिद्धरामाची कन्नड वचने ऐकत वाढलेल्या घरात गावाचे जुने नाव आजीच्या तोंडी असते. नात मात्र मराठीत मोबाइलला विचारते आणि सोळा गावे उतरवून घेते. घरची भाषा ही वर्गात येताना बाहेर काढून ठेवायची वस्तू, असे शाळेपासून तिच्या मनावर ठसवले गेले, त्याची ही किंमत.

विडी कामगार आणि यंत्रमागावरच्या कुटुंबांबद्दल तर इंटरनेटवर आकडे मिळतात, माणसे क्वचित मिळतात. तेलुगूभाषक पद्मशाली घरातली एखादी मुलगी आपल्या आजीशी तेलुगूत बोलून, विडीच्या मजुरीतली काटछाट कशी होई हे नोंदवून आणते, तेव्हा ती जगात कुठेच नसलेले साधन तयार करत असते. पण मग नवेच प्रश्न उभे राहतात. आजीची परवानगी कशी घ्यायची? कारखानदाराचे नाव छापायचे का? मोबाइलवरचे रेकॉर्डिंग कुठे ठेवायचे? तेलुगू बोलण्याचे मराठी तिने केले, गाइडला तेलुगू येत नाही, तर बरोबर की चूक ते कोण बघणार? यंत्राला ऐकवले तर ते घरगुती, मराठीमिश्रित सोलापुरी तेलुगूला प्रमाण तेलुगूचे कपडे चढवू शकते, आणि मग काटछाटीसाठीचा आजीचा नेमका शब्दच हरवण्याची भीती. मी अशा वेळी सुचवतो की मूळ वाक्ये तेलुगूतच, देवनागरीत उतरवून परिशिष्टात द्यावीत, आणि जिथे ऐकू नीट आले नाही तिथे तसे लिहावे. पाने वाढतात, बाइंडिंगला जास्त पैसे पडतात, व्हायवाला आलेले परीक्षक कपाळाला आठ्या घालून विचारतात की हे कशाला. त्याचे उत्तर मुलीनेच द्यायचे असते.