पंधरा टक्के कंटाळा

१९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी एका नव्या सर्च इंजिनावर शोधनिबंध लिहिला. इंजिनाचं नाव होतं गूगल. त्या निबंधात एक काल्पनिक माणूस आहे. त्याला नाव नाही, वय नाही, आवडनिवड नाही. तो एका वेबपानावर येतो, तिथल्या कुठल्याही लिंकवर क्लिक करतो, पुढच्या पानावर जातो, तिथून आणखी पुढे. मागे कधी फिरत नाही. असं करता करता त्याला कंटाळा येतो. मग तो सगळं सोडून इंटरनेटवरच्या कुठल्यातरी भलत्याच पानावर उडी मारतो.

हा माणूस तिथे गंमत म्हणून आणलेला नाही. 'पेजरँक' नावाचा तो सगळा शोध त्याच्या खांद्यावर उभा आहे. त्यामागची कल्पना तशी साधी होती. कुठलं पान महत्त्वाचं, हे त्या पानाला विचारू नका, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या पानांना विचारा. शिवाय, बोट दाखवणाऱ्याचं स्वतःचं वजन किती तेही बघा. गावात चार जाणती माणसं ज्याचं नाव घेतात तो वैद्य चांगला, असं आपण धरून चालतो, तसंच. आपला भटक्या माणूस अखंड फिरत राहिला तर एखाद्या पानावर सापडण्याची त्याची शक्यता किती, हाच त्या पानाचा 'रँक'.

पण या फिरण्यात एक अडचण होती. समजा, दोन पानं फक्त एकमेकांनाच लिंक देतात आणि तिथून बाहेर पडायला वाट नाही. आपला माणूस तिथे एकदा शिरला की कायमचा अडकला. गणिताच्या भाषेत सगळं वजन त्या डबक्यात साचत जाणार आणि बाकीचं जग कोरडं पडणार. यावर उपाय म्हणून त्याला कंटाळा दिला गेला. साधारण ८५ टक्के वेळा तो समोरची लिंक धरतो, १५ टक्के वेळा कुठेही उडी मारतो. ही उडी काढून टाकली तर हिशेब डबक्यात बुडतो.

मला या पंधरा टक्क्यांबद्दल बोलायचं आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सर्च आणि शिफारशी 'सुधारण्या'साठी जे शोध लागले, त्यांत हा कंटाळा कुठे गेला? आणि तो घालवणं ही सुधारणा आहे का?

सर्चचा मूळ धर्म होता माणसाला लवकर मोकळं करण्याचा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतल्या चौथ्याचा आशय असा, की ग्रंथालयात वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. सुरुवातीचं सर्च याच जातकुळीतलं होतं. या, विचारा, उत्तर घ्या आणि निघा. तुम्ही जितक्या लवकर निघून जाल तितकं यंत्र चांगलं.

शिफारशींची परंपरा वेगळ्या ओढ्यातून आली. १९९२ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत 'टॅपेस्ट्री' नावाची एक व्यवस्था तयार झाली. ईमेलचा ढीग उपसताना इतरांनी दिलेले शेरे आपल्याही कामी यावेत, ही त्यामागची कल्पना. १९९४ साली आलेल्या 'ग्रुपलेन्स'ने ती पुढे नेली. वाचकांनी लेखांना एक ते पाच गुण द्यायचे आणि तुमच्यासारखे गुण देणाऱ्या लोकांना जे आवडलं ते तुमच्यापुढे ठेवायचं. इथवर एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याला काय आवडलं, हे माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता.

मग २००६ साली नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले दहा कोटींहून जास्त गुण खुले केले आणि आव्हान दिलं, की कोण कुठल्या चित्रपटाला किती तारे देईल याचा आमच्यापेक्षा दहा टक्के अचूक अंदाज बांधून दाखवा. जगभरातले गणितज्ञ तीन वर्षं झटले. २००९ साली दोन संघ सारख्याच गुणांवर आले आणि वीस मिनिटं आधी उत्तर पाठवणारा जिंकला. पण जिंकलेलं ते अवाढव्य सूत्र नेटफ्लिक्सने पूर्ण स्वरूपात कधी वापरलंच नाही. दरम्यान लोक घरी डीव्हीडी मागवण्याऐवजी थेट स्क्रीनवर बघू लागले होते. आता कोण काय बघतं, कुठे थांबतं, कुठे सोडून देतं, हे सगळं कंपनीला दिसत होतं. तारे विचारण्याची गरजच उरली नव्हती.

२०१७ साली नेटफ्लिक्सने तारे काढून टाकले आणि अंगठा आणला. त्यामागचा कंपनीचा अनुभव मोठा बोलका होता. माणसं गंभीर माहितीपटाला पाच तारे देतात आणि रात्री बघतात मात्र कुठलातरी हलकाफुलका विनोदी सिनेमा. म्हणजे तारे एक सांगतात आणि वागणं दुसरंच. यातून निष्कर्ष निघाला, की वागण्यावर विश्वास ठेवा.

इथे जरा थांबायला हवं, कारण या निष्कर्षात एक नैतिक उडी आहे आणि ती इतकी सफाईने मारली गेली आहे की आपल्या लक्षातही येत नाही. पाच तारे देणारा माणूस खोटं बोलत होता का? मला तसं वाटत नाही. तो माहितीपट त्याला खरंच मोलाचा वाटला होता. रात्री थकून आल्यावर विनोदी सिनेमा हवासा वाटला, हेही खरंच. एक त्याचं मत होतं, दुसरी त्याची त्या वेळची ओढ. यंत्राने त्यातली ओढ निवडली, कारण ती मोजायला सोपी आणि धंद्याला उपयोगी होती. मग त्या ओढीलाच नाव दिलं 'तुमची आवड'.

अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट याने १९७१ साली हा भेद नेमका पकडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की इच्छा प्राण्यांनाही असतात. माणसाचं वेगळेपण हे, की त्याला आपल्या इच्छांबद्दलही इच्छा असतात. सिगारेट हवी असणं ही एक इच्छा, सिगारेट हवीशी वाटू नये ही दुसरी. या दुसऱ्या मजल्यावर आपण 'आपण' असतो. क्लिक, स्क्रोल, थांबलेले सेकंद ही सगळी पहिल्या मजल्याची नोंद आहे. दुसऱ्या मजल्यावर काय चाललंय, हे त्या नोंदीत येत नाही. रात्री साडेबाराला "आता बास, झोपायला हवं" असं म्हणत आपण पुढची रील बघतो, तेव्हा यंत्राला रील बघितलेली दिसते. "आता बास" त्याला ऐकूच येत नाही.

आपल्याकडे याच भेदाला श्रेय आणि प्रेय हे जुने शब्द आहेत. कठोपनिषदात यम नचिकेत्यापुढे एकेक आमिष ठेवत जातो: दीर्घायुष्य, हत्ती-घोडे, सोनं, राज्य, नाचगाणी. आजच्या भाषेत बोलायचं तर यम शिफारशींचा पाऊस पाडतो. पण पोरगं मूळ प्रश्नाला चिकटून राहतं, तेव्हा यम थांबतो आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो. उत्तराच्या सुरुवातीलाच तो सांगतो, की श्रेय आणि प्रेय दोन्ही माणसासमोर येतात आणि निवड त्याने करायची असते. या गोष्टीतलं 'दोन्ही समोर येतात' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फीडमध्ये दोन्ही समोर येत नाहीत. निवड आधीच झालेली असते. शिवाय नचिकेत्याने नाही म्हटलं तर फीड थांबणार नाही. हत्ती नको म्हणतोय, मग घोडे दाखवून बघू, एवढंच ते शिकेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. माझ्यासाठी श्रेय काय, हे ठरवणार कोण? कंपनी? सरकार? मला विनोदी सिनेमा बघायचा असताना माहितीपट पुढे ढकलणारं यंत्र म्हणजे हातात छडी घेतलेला हेडमास्तरच. त्यापेक्षा मला हवं ते देणारं यंत्र परवडलं, निदान ते मला शहाणपण तरी शिकवत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. यंत्राने माझं भलं ठरवू नये. पण त्यातून माझी ओढ हीच माझी इच्छा, असं यंत्राने ठरवावं, हे निघत नाही. तेही माझ्या वतीने ठरवणंच झालं, फक्त हेडमास्तरच्या जागी मिठाईवाला आला.

मग उरतं काय? उरते ती वाट मोकळी ठेवणं. आणि इथे तो कंटाळलेला माणूस पुन्हा आठवतो.

गेल्या काही वर्षांतल्या सुधारणा बघा. २००६ साली अझा रॅस्किन या डिझायनरने अनंत स्क्रोलची रचना केली. पान संपलं की माणूस क्षणभर थांबायचा, ती जागा गेली. पुढे रॅस्किनने त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होऊ लागला, तेव्हा उठून जाण्याचा क्षण गेला. २०१२ साली यूट्यूबने क्लिकऐवजी 'किती वेळ बघितलं' याला महत्त्व दिलं. हेतू चांगला होता. भडक थंबनेल लावून फसवणारे व्हिडिओ मागे पडावेत, हा. पण जे मोजलं जातं तेच ध्येय होऊन बसतं आणि वेळ मोजणाऱ्या यंत्राला तुमचं निघून जाणं हे अपयश वाटू लागतं. प्रत्येक सुधारणा सुटी बघितली तर शहाणपणाची वाटते. सगळ्या मिळून त्यांनी काय केलं, तर कंटाळा येण्याच्या जागा एकेक करून बुजवल्या. रंगनाथनांचा नियम बरोबर उलटा झाला.

कुणी म्हणेल, शिफारस करणारं यंत्रसुद्धा अधूनमधून अनोळखी काहीतरी दाखवतंच की. दाखवतं. नेहमीच्या खानावळीत जायचं की नवी करून बघायची, हा पेच त्यालाही सोडवावा लागतो आणि त्यासाठी उत्तम गणितं आहेत. पण यंत्राची उडी आणि माझी उडी यांत फरक आहे. यंत्र भलतंच काही दाखवतं ते मला अधिक ओळखण्यासाठी. मी भलतीकडे उडी मारतो ती जग ओळखण्यासाठी आणि कधीकधी आजवरचा मी सोडून दुसरा कुणीतरी होण्यासाठी. माझ्या कालच्या वागण्यावरून उद्याचा अंदाज जितका अचूक होत जाईल, तितकी या दुसऱ्या कुणाला जागा कमी. विशीतल्या माणसासाठी ही किरकोळ गोष्ट नाही. विशी असतेच मुळी अंदाज चुकवण्यासाठी.

युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांवर एक बंधन घातलं आहे. वापरणाऱ्याच्या सवयींवर आधारलेला नाही असा शिफारशींचा निदान एक पर्याय त्याला द्यायलाच हवा. म्हणजे दार असलं पाहिजे. त्यातून जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. यात हेडमास्तर नाही आणि मिठाईवालाही नाही.

पण सगळं कायद्यावर सोडून भागणार नाही, कारण ही यंत्रं बनवणारे कुणी परके नाहीत. हिंजवडीत, बेंगळुरूत, सिएटलमध्ये बसून असले कोड लिहिणारी कितीतरी मराठी मुलंमुली आहेत. हे वाचणाऱ्यांतही काही असतील. काय मोजायचं, हे त्यांच्या मीटिंगमध्ये ठरतं. 'थांबलेले सेकंद' मोजायचे, की आठवड्याने माणसाला विचारायचं, "बघितलंस त्यातलं काय लक्षात राहिलं?" दुसरं महाग आहे, अवघड आहे आणि आलेखावर देखणं दिसत नाही. तरी दोन्हींतून एक निवडणं हा तांत्रिक निर्णय नाही. माणूस म्हणजे त्याची ओढ की त्याचं मत, याचं उत्तर त्या एका ओळीत दिलं जातं.

ब्रिन आणि पेज यांनी त्याच १९९८ च्या निबंधात एक इशाराही दिला होता, की जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल. पुढे त्यांच्याच कंपनीचं काय झालं, ते आपण रोज स्क्रीनवर बघतो. इशारा शब्दांत होता म्हणून विरून गेला. कंटाळा मात्र सूत्रात होता, आकड्यात होता, म्हणून टिकला. त्या काल्पनिक माणसाला आपोआप कंटाळा आलेला नव्हता. डबकं दिसत होतं, म्हणून कुणीतरी बसून तो आकडा सूत्रात लिहिला होता.