पौर्णिमेची सुपारी

एका गावात एक तात्या होते. बैलबाजारात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबून ते असा भाव पाडत, की विकणारा घरी गेल्यावर हिशेब करत बसे. त्या वर्षी जत्रेचा तमाशा ठरवायचं काम पंचांनी त्यांच्यावर सोपवलं.

गावची जत्रा चैत्री पौर्णिमेची. पाडव्याला तात्या चार माणसं घेऊन नारायणगावला गेले. जुन्नर तालुक्यातलं हे तमाशा कलावंत विठाबाईंचं गाव. इथे हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी या राहुटीतून त्या राहुटीत भाव विचारत हिंडतात. तात्यांना पहिल्या पाच मिनिटांतच घरच्यासारखं वाटलं.

एका राहुटीत फडाची मालकीणबाई बसली होती. तिनं पाणी दिलं, चहा सांगितला आणि तिथी विचारली.

"पौर्णिमा," तात्या म्हणाले.

"पौर्णिमेचे २,४०,००० होतील. त्या रात्री शंभर गावांना तमाशा हवा असतो, आणि फड एकाच गावात उभा राहतो."

तात्यांच्या पिशवीत वर्गणीचे १,९०,००० होते. ते म्हणाले, "बाई, गाव दुष्काळी. सव्वा लाखाच्या वर दमडी नाही."

मग घासाघीस सुरू झाली. तात्या दोनदा उठून बाहेर गेले, दोनदा परत बोलावले गेले. ऊन कलायला लागलं तेव्हा १,६०,००० वर सुपारी ठरली. मॅनेजरनं करार लिहिला, वाचून दाखवला. कलावंत आणि कामगार मिळून चाळीस माणसं, असं त्यात होतं. तात्यांचं लक्ष आकड्यावर होतं. त्यांनी सही केली, इसार दिला आणि परतीच्या जीपमध्ये सगळ्यांना उसाचा रस पाजला.

पौर्णिमेला फड आला. पालखी झाली, गण झाला, गवळण झाली. गवळणीत नाचणाऱ्या चारच पोरी. वग सुरू झाला आणि लोक चुळबुळ करू लागले. राजाला विष घातलं गेलं, राजा कोसळला, त्याला आत ओढून नेलं, आणि थोड्या वेळानं तोच गडी फेटा काढून वैद्य होऊन नाडी बघायला आला. लोक इतके हसले की पुढचा रडण्याचा प्रसंग वाहून गेला. मागच्या रांगेतून शिट्ट्या झाल्या. बारा वाजायच्या आत निम्मी माणसं घरी गेली.

तात्या रागारागानं स्टेजमागे गेले. "बाई, गावाला फसवलंत."

बाईंनी करार पुढे केला. "माणसं मोजा, तात्या. एक कमी भरला तर पैसे परत देते."

तात्यांनी खरंच मोजली. ढोलकीवाला, सोंगाड्या, ट्रकचे ड्रायव्हर, चुलीपाशी बसलेली म्हातारी, सगळे मिळून बरोबर चाळीस होते. उरलेले ३०,००० पंचांनी फटाक्यात उडवले होते. त्यांचा धूर अजून देवळामागे रेंगाळत होता.

पुढच्या पाडव्याला पंचांनी तात्यांच्या जोडीला आबांना दिलं. आबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सुटे पैसे आणि खरं बोलणं ही दोन्ही त्यांच्यापाशी कायम असत. तात्या वाटेत त्यांना समजावत होते, "तुम्ही फक्त मान हलवा. रक्कम तोंडातून काढू नका."

राहुटी तीच होती. बाईंनी पाणी दिलं, चहा सांगितला. चहा यायच्या आतच आबांनी पिशवीतून वर्गणीचं पावतीपुस्तक काढून टेबलावर ठेवलं. कोपरे दुमडलेले, स्थळप्रती ५१ रुपयांच्या, १०१ च्या, मधूनच एखादी ५०१ ची.

"एवढे जमलेत, बाई. १,८२,०००. मांडव, पालखी, लाउडस्पीकर यांना १२,००० जातील. उरले १,७०,०००. यात आमच्या गावाला पुरता तमाशा मिळत असेल तर बघा."

तात्यांनी टेबलाखालून आबांचा गुडघा दाबला. बाईंना ते दिसलं. त्या हसल्या. "तात्या, बैल मुका असतो म्हणून तुम्ही उपरण्याखाली बोलता. आम्हाला तोंड आहे की."

मग त्यांनी आपली वही उघडली. फडात सत्तर माणसं. पावसाळ्यात काम नसतं तेव्हाही त्यांना उचल द्यावी लागते, आणि ती व्याजानं आणावी लागते. २०२० साली तर ऐन पाडव्याला देश बंद झाला. सुपाऱ्या घ्यायच्या दिवशीच राहुट्या ओस पडल्या. त्या वेळचं कर्ज अजून वहीत होतं. "पौर्णिमेचे दोन लाख तरी मला मिळाले पाहिजेत," त्या म्हणाल्या. "१,७०,००० त पूर्ण फड आणला तर मी बुडते. निम्मा आणला तर तुमचा मागच्यासारखा राजा मरून वैद्य होतो."

आबा काही बोलले नाहीत. ते वही बघत होते. पौर्णिमेच्या घरात दोन गावांची नावं पेन्सिलीनं लिहिलेली होती. त्याच्या पुढचं घर कोरं होतं.

"हे काय?"

"प्रतिपदा. खाडा आहे त्या दिवशी. फड तुमच्याच तालुक्यात असणार, पण सुपारी नाही. सत्तर माणसं बसून जेवणार."

"आमच्या जत्रेचा दुसरा दिवस कुस्त्यांचा," आबा म्हणाले. "कुस्त्या संपल्या की लोक घरी जातात. रात्र मोकळीच असते."

तात्या म्हणाले, "तमाशा पालखीच्या रात्रीच व्हायला हवा. तसा रिवाज आहे."

आबांनी देवळाच्या पुजाऱ्यांना फोन लावला. पुजारी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "देवाला पालखी लागते. तमाशा तुम्हाला लागतो. तुमचा तुम्ही कधीही ठेवा."

मग सगळं भराभर ठरलं. प्रतिपदेला पूर्ण फड, १,५०,००० ला. दोन वेळचं जेवण गावाकडे. वळवाचा पाऊस आला आणि वग सुरूच झाला नाही, तर निम्मी रक्कम. हे पावसाचं कलम आबांनीच काढलं. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं सुपाऱ्या घेते, पण पाऊस पडायच्या आधी पावसाचं बोलणारा कारभारी फार थोडा भेटतो.

त्या वर्षी राजा एकदाच मेला आणि मेलेलाच राहिला. वैद्य वेगळा होता. वग संपेपर्यंत कोणी उठलं नाही. वाचलेले २०,००० कुस्त्यांच्या इनामात गेले, आणि गावच्या बायकांनी सत्तर माणसांना भाकरी-आमटी करून वाढली.

घासाघीस वाईट असते असं नाही. पण पहिल्या वर्षी तात्यांनी जे ८०,००० तोडले, ते कुणाच्या तरी पानातून गेले होतेच. न आलेल्या तीस माणसांची त्या रात्रीची मजुरी बुडाली, आणि वगाचा रंग गेला. दुसऱ्या वर्षी रक्कम त्याहूनही कमी होती, तरी कुणाचं काही तुटलं नाही. एकानं पिशवी उघडली म्हणून दुसऱ्यानं वही उघडली. ती मिटलेली राहिली असती, तर ते कोरं घर तिच्यातच राहिलं असतं.

तिसऱ्या पाडव्याला तात्या आणि आबा दोघंही गेले. बाईंनी डिझेल वाढलं म्हणून १,६०,००० सांगितले. तात्यांनी वही मागून घेतली, दोन ट्रक आणि बसचे किलोमीटर लावले आणि म्हणाले, वाढ सात हजारांची होते, दहाची नाही. बाईंनी चष्मा लावून बेरीज तपासली. सातच येत होते. मॅनेजरनं १,५७,००० चा करार लिहायला घेतला. त्यानंतर आमटी किती तिखट असावी यावर पुन्हा अर्धा तास गेला.