नदीचे नाव कोठे वसते?

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावून रायचुराच्या बाजूस कृष्णेला मिळणारी भीमा पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखी वळते आणि तेवढ्या वळणापुरती चंद्रभागा होते. चंद्रभागा हे पंजाबच्या चिनाबेचेही जुने नाव. पण लाहूलात तांदीपाशी चंद्रा आणि भागा यांच्या संगमातून ते सिद्ध झाले, तेथे चंद्रकोरीचा प्रश्नच येत नाही.

आषाढीच्या सुमारास उजनी धरणातून पाणी सोडतात. पाटबंधारे खात्याच्या दप्तरी ते अथपासून इतिपर्यंत भीमेचेच. वाळवंटात पुंडलिकाच्या देवळापाशी उतरलेला वारकरी मात्र तेच पाणी चंद्रभागा म्हणून ओंजळीत घेतो, आणि गाव मागे पडले की ते निमूटपणे पुन्हा भीमा होऊन पुढे जाते. म्हणजे येथे नाव वाहत्या पाण्याला नसून काठाला, किंबहुना काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या श्रद्धेला जडलेले आहे, असे मला वाटते.

अमुक शब्दाने अमुक वस्तूचा बोध व्हावा या संकेताने नाव चालते, असे नैयायिक सांगेल. नदी ओळखण्यापुरते हे पुरेसे आहे; तीत बुडी मारण्याला नव्हे. गोदावरीस्नानाला निघालेला नाशिककर सरळ ‘गंगेवर जातो’ म्हणतो, आणि पेशवाईच्या दप्तरांतही, जेथे भावनेपेक्षा वसुलाचा हिशेब मोठा, गोदाकाठचा मुलूख गंगाथडी म्हणूनच नोंदलेला आढळतो. स्नानाच्या वेळी तांब्यातील पाण्यात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी यांना बोलावण्याची आपली रीत लक्षात घेतली, तर गोदेला गंगा म्हणणे हे वर्णन नव्हे, तर पिढ्यान्पिढ्या न विसर्जिलेले आवाहन आहे, हे ध्यानात येते.

या मताची खरी कसोटी कोल्हापुरास लागते. प्रयाग चिखलीच्या संगमातून पंचगंगा निघते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चौघी आपापले पाणी आणतात, पण पाचवी सरस्वती गुप्त, तिचे पात्र मोजणीदाराच्या नकाशात सापडायचे नाही. संकेतवाद्याने येथे बोट कशाकडे दाखवावे? श्रद्धाळूला ही अडचण भासत नाही. चौघींची बेरीज पाच करताना त्याचा हात अडखळत नाही, आणि नरसोबाच्या वाडीला जी नदी कृष्णेला मिळते तिला तो पंचगंगाच म्हणतो.