काय बरं करायचं, काय तसंच ठेवायचं

कारंजा लाडला पोहा वेशीजवळच्या एका गल्लीत मोठ्या बाई राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अर्धं गाव त्यांना अजून याच नावानं हाक मारतं. मुलगा पुण्याला. घरात बाई आणि भुरी नावाची मांजर. बोधकथेतली मांजर बहुधा लबाड असते, काशीला निघाल्याचं सांगून उंदरांना फसवते. भुरीत तसलं काही नव्हतं. ती म्हातारी होती, एवढंच. वय चौदा.

भुरी खायची भरपूर आणि वाळत चालली होती. पाण्याच्या वाटीवर तासन् तास बसायची. राखेचं घमेलं दिवसातून दोनदा बदलावं लागायचं. मागचा पाय ओढायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जंत झाले असतीन तिले. एवढं खाते अन् आंगी लागत नाई. दूध वाढवा बाई." दूध वाढलं. काकूंनी मायेनं सुकटही आणून दिलं. मेडिकलवाला बाईंचाच विद्यार्थी. बाई गुडघ्यासाठी त्याच्याकडून वर्षानुवर्षं डायक्लोफेनॅक घ्यायच्या, कधीतरी कुणीतरी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर. त्याच पट्टीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "पाय दुखत असन तं याचा एक तुकडा देऊन पाहा. तुम्हाले चालते तं तिले काऊन नाई चालन?" पुण्याहून मुलानं फोनवर सांगितलं, "म्हाताऱ्या मांजरांना किडनीचा आजार असतो, आई. मी किडनीचं खास खाणं पाठवतो, दुसरं काही देऊ नकोस."

तिघांचाही जीव होता भुरीवर. तिघांनी मिळून तिला महिनाभरात मारलं असतं.

बाईंनी दूध आणि सुकट दिलं, गोळी मात्र दिली नाही. न विचारता औषध द्यायचं नाही, हा त्यांचा शाळेतला नियम. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सगळा राबता गाई-बैलांचा आणि बकऱ्यांचा. तिथल्या डॉक्टरांनी भुरीचा गळा चाचपला, दोन बोटांत काहीतरी मण्यासारखं हाताला लागलं, तसे म्हणाले, "बाई, अकोल्याला न्या. रक्त तपासावं लागेल." अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. बाईंनी कोंबड्यांचं डालं मागून आणलं, भुरीला आत बसवलं आणि मूर्तिजापूरमार्गे एस.टी.नं निघाल्या. शकुंतला रेल्वे सुरू असती तर मूर्तिजापूरपर्यंत तिनंच गेल्या असत्या. त्या गाडीच्या चालीनं भुरीची तब्येत वाटेतच सुधारली असती किंवा आजार तरी जुना झाला असता.

तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी काळीज ऐकलं, रक्त घेतलं, पुढच्या पायाला चिमुकला पट्टा बांधून बीपीही मोजलं. बीपी निघालं १९०. भुरीच्या डोळ्यांतल्या बाहुल्या भरदिवसा मोठ्या का राहत होत्या, ते बाईंना तेव्हा कळलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर एका सकाळी ती आंधळी होऊन उठली असती. रक्ताचा अहवाल आला त्यात थायरॉइड खूप वाढलेलं आणि क्रिएटिनिन २.१.

"म्हणजे किडनीचं फार नाही ना?" बाईंनी विचारलं.

"तेच तर सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडं शेती आहे?"

"मंगरूळ रोडला थोडी आहे. बटईनं दिलेली."

"हरभऱ्याला स्प्रिंकलर लावत असतील. नोझल अर्धे चोंदलेले असले तरी मोटरचा दाब वाढवला की पाणी लांबवर उडतं. पाहणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. थायरॉइड वाढलं की काळीज तसं जोरात पळतं आणि किडनीतून जास्त रक्त रेटतं. थकलेली किडनी काम करताना दिसते. दुसरं असं की क्रिएटिनिन येतं अंगातल्या मांसातून. हिच्या अंगावर मांस उरलंय कुठं? तेव्हा हा आकडा जितका साधा दिसतो तितका नाही."

"मग दाब तसाच ठेवायचा?"

"ठेवला तर काळीज जाईल. कमी केला तर किडनीचं खरं रूप दिसेल. ते पाहायची तयारी ठेवा."

थायरॉइडसाठी माणसांचीच कार्बिमाझोलची गोळी, अर्धी, दोन वेळा. बीपीसाठी ॲम्लोडिपिन, अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा. नाव ऐकून बाई हसल्या. त्यांच्या पर्समध्ये तीच गोळी होती, पाच मिलिग्रॅमची.

पायाच्या दुखण्याचं निघालं तेव्हा मेडिकलवाल्याचा सल्ला बाईंनी जसाच्या तसा सांगितला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पॅरासिटामॉलचा तर तुकडाही नको, मांजराचा जीव जातो. आणि डायक्लोफेनॅक? बाई, तुमच्या लहानपणी ढोरं टाकायच्या जागेवर गिधाडं यायची ना?"

"यायची. झाडं वाकायची त्यांच्या वजनानं."

"आता दिसतात?"

दिसत नव्हती. बाईंनी वर्गात शिकवलं होतं, गिधाडं कमी झाली म्हणून. का कमी झाली ते पुस्तकात नव्हतं. दुखणाऱ्या गाई-बैलांना डायक्लोफेनॅकची सुई टोचायची, ढोर मेलं की गिधाडं त्यावर तुटून पडायची आणि मांसातल्या तेवढ्याशा औषधानं त्यांची किडनी बंद पडायची. शास्त्रज्ञांना हे २००४ मध्ये उमगलं, भारतात जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्व्याण्णव गेली होती. "कुणी मारायला दिलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "बैलाचा पाय दुखत होता, म्हणून दिलं."

परतीच्या एस.टी.त बाई काही बोलल्या नाहीत. भुरीच बोलत होती, मूर्तिजापूरपर्यंत.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. थायरॉइड उतरलं होतं, जरा जास्तच उतरलं होतं. क्रिएटिनिन झालं होतं ३.४. पुण्याहून फोन आला. "आई, त्या औषधानं किडनी गेली. आजपासून बंद कर!" बाईंनी फोन मॅडमकडं दिला. मॅडमनी शांतपणे सांगितलं की किडनी आधीच गेलेली होती, आता झाकण उघडलंय. पण औषध थोडं कमी करू, कारण थायरॉइड फार खाली गेलं तर किडनीला रक्तच कमी पडतं. ना वर, ना तळाला, मधे ठेवायचं. मुलाला ते पटलं नाही. त्याला आकडा २.१ वर परत हवा होता. आकडा गोड असला की जीव निवांत होतो; मांजर वाळून मेली तरी रिपोर्ट छान होता असं म्हणता येतं. शिकलेल्या घरांत हा आजार फार.

फोन ठेवल्यावर बाईंनी वहीचं पान उघडलं आणि विचारलं, "मॅडम, यातलं काय बरं करायचं आणि काय तसंच ठेवायचं, ते सांगा."

मॅडम जरा थांबल्या. लोक विचारतात, केव्हा बरी होईल. हा प्रश्न त्यांना नवा होता. मग त्यांनी एकेक सांगितलं. बीपी १६० च्या खाली हवंच, तिथं तडजोड नाही. थायरॉइड मधे. किडनी बरी होणार नाही, तिला फक्त जपायचं. पायाचं दुखणं थोडं राहू द्यायचं. वेदनेचं औषध द्यायची वेळ आली तर आपण मिळून ठरवू, तोवर बिछाना खाली आणा, घमेल्याची कड कमी करा. अंगात पाणी कमी पडतं म्हणून कातडीखाली सलाइन, पण आठवड्यातून दोनदा आणि थोडंच, कारण काळीज थकलंय. जास्त झालं की ते पाणी फुफ्फुसात उतरतं.

पुण्याहून किडनीचं खाणं आलं. भुरीनं वास घेतला आणि पुढच्या पायानं त्यावर माती लोटल्यासारखं करून निघून गेली. "भूक लागली की खाईल," मुलगा म्हणाला. "दुसरं काही देऊ नको." बाईंनी एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी अकोल्याला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साचते, त्यातच जाते. योग्य खाणं नंतर. आधी खाणं." मग उकडलेली कोंबडी, अंड्याचा पांढरा भाग, त्यात चिमूटभर ते पुण्याचं. चिमटीची हळूहळू मूठ झाली. अर्ध्यावर भुरीनं ठामपणे नकार दिला, तेव्हा बाईंनी अर्ध्यावरच सोडलं. सुकट बंद झालं म्हणून काकू चार दिवस रुसल्या. दुधाचं मात्र बाईंनी बोटभर ठेवलं, रविवारी. काकूंनी ते आपल्या हातानं पाजायचं असं ठरलं आणि रुसवा गेला.

सलाइनचा कार्यक्रम पाहायला गल्लीतली पोरं जमायची. बाटली आधी कोमट पाण्यात धरायची, मनगटावर थेंब टाकून पाहायचा, मग खुंटीला टांगायची. भुरी मांडीवर. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की खाली तंबूसारखी पोकळी होते, सुई त्यात. पहिल्यांदा बाईंचा हात थरथरला आणि सुई कातडीतून आरपार निघाली, सगळं पाणी साडीवर. पुढं जमलं. पाण्याचा फुगवटा खांद्यावरून घसरत पुढच्या पायाशी यायचा आणि भुरी तासभर एका बाजूनं पैलवानासारखी दिसायची.

वजनासाठी शेतावरचा स्प्रिंगचा काटा होता. कापडी पिशवीत भुरी, पिशवी काट्याला, आकडा कालनिर्णयच्या चौकोनात. त्याच चौकोनात किती खाल्लं, पाण्याची वाटी किती उतरली, ओट्यावर उडी मारली की नाही. रक्ताचा आकडा तीन महिन्यांतून एकदा. पानं उलटत गेली तसं वजन २ किलो ७०० वरून ३ किलो २०० झालं. क्रिएटिनिन ३ च्या आसपास राहिलं. आजार सगळे जिथल्या तिथं होते.

दिवाळीला मुलगा आला. आल्या आल्या त्यानं विचारलं, "क्रिएटिनिन किती?"

"तीन एक. आणि परवा तिनं पाल धरली."

त्यावर त्याला काय बोलावं सुचलं नाही. संध्याकाळी बाई पाटावर बसून ॲम्लोडिपिनचे चार तुकडे करत होत्या. भुरीच्या गोळ्यांचा डबा एक होता, त्यावर चिठ्ठी, वेळा, मात्रा, सगळं बाईंच्या वळणदार अक्षरात. शेजारी बाईंची स्वतःची पिशवी होती. त्यात साखरेच्या गोळ्या एका डॉक्टरांच्या, बीपीच्या दुसऱ्या, गुडघ्याच्या मेडिकलमधून. तिन्हींची कधी एकमेकींशी ओळख झालेली नव्हती. मुलगा पिशवीकडं पाहत होता, ते बाईंनी पाहिलं.

"सोमवारी जाणारच आहे," त्या म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उलटी केली. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "बोला बाई, काय त्रास?"

"त्रास मग सांगते. आधी हे सगळं एकत्र वाचा, आणि माझी किडनी तपासा."

डॉक्टरांनी पट्ट्या एकेक करून लावल्या. डायक्लोफेनॅकच्या पट्टीशी त्यांचा हात थांबला. "ही रोज घेता? बीपीच्या गोळीबरोबर? किती वर्षं?"

बाईंनी वर्षं सांगितली. डॉक्टरांनी ती पट्टी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि रक्ताची चिठ्ठी लिहू लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "बरं झालं सगळं घेऊन आलात. कोणत्या डॉक्टरांनी सुचवलं?"

"अकोल्याच्या," बाई म्हणाल्या. "आमच्या मांजरीच्या."