अश्वत्थाम्याचे तेल

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लागले, की मला हटकून अश्वत्थामा आठवतो. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो दारोदार तेल मागत हिंडतो, असे आजी सांगे. तेव्हा त्याची दया येई. पुढे महाभारत वाचले आणि दया आटली. झोपलेल्या पोरांना मारणाऱ्याला तेल कशाला द्यायचे?

यंदा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला, तो अमेरिकेतली एक हकिकत वाचून. बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांच्यापुढे व्हिएतनाममध्ये लढलेला एक आरोपी मान खाली घालून उभा राही, धड बोलेना. त्यांनी त्याच युद्धातल्या दोघांना त्याच्याशी बोलायला बाहेर पाठवले. परतला तो ताठ उभा राहून, 'प्रयत्न करीन' म्हणाला. 2008 साली तिथे माजी सैनिकांसाठी निराळे न्यायालय सुरू झाले. उपचार, व्यसनाची तपासणी, वारंवार हजेरी आणि पाठीशी एक जुना सैनिक. नेमाने पार पाडले, तर आरोप मागे घेतला जातो किंवा शिक्षा सौम्य होते. मोडले, तर नेहमीची शिक्षा आहेच. पुढे अशी शेकडो न्यायालये निघाली.

2009 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्ज पोर्टरचा मृत्युदंड टिकू दिला नाही. दोन खून त्याच्या हातून झाले होते, हे कुणी नाकारले नाही. पण कोरियाच्या रणात त्याच्यावर काय गुदरले, ते त्याच्या वकिलाने ज्यूरीपुढे मांडलेच नव्हते.

तुम्ही म्हणाल, दारिद्र्याने पिचलेल्याची जखम काय खोटी? आणि सैनिकाच्या हातचा मार खाल्लेल्या बायकोने कुणाकडे पाहावे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि मला ते टाळता येत नाहीत. सैनिकाचा हात मारायला आपणच शिकवला, म्हणून त्याचे ऋण आधी आठवते, इतकेच. त्याच्यासाठी उघडलेले दार इतर जखमींना बंद ठेवायचे कारण नाही. आणि मार खाल्लेलीला आधी सुरक्षितता हवी. तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार न्यायाधीशाला नाही, मलाही नाही.

भागवतातली द्रौपदी अश्वत्थाम्याला सोडा म्हणते. त्याच्या आईने आपल्यासारखे रडू नये म्हणून. तरी त्याचा मणी काढून घेतलाच. मला वाटते, शिक्षा करणे ही एक गोष्ट आणि जखम चिघळू देणे ही दुसरी. पहिलीला न्याय म्हणता येईल. दुसरीला काय म्हणावे?

उद्या पहाटे वाटीत थोडे तेल राहिले, तर मी ते फेकणार नाही.