सांगणाराही कर्ताच

आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याने एखादे काम केले आणि ते बिघडले, तर दोष कोणाचा? करणाऱ्याचा की सांगणाऱ्याचा? संतसज्जनहो, हा प्रश्न आम्ही कीर्तनात कितीदा तरी सोडविला असेल. परंतु त्याचे खरे उत्तर आम्हांला मिळाले ते गेल्या वैशाखात, पवना धरणाच्या पाण्यावर.

मावळातील आमचे एक जुने स्नेही मोटारबोट चालवितात. 1972 साली पूर्ण झालेल्या या धरणात त्यांचे घर आणि भाताची खाचरे गेली. बाप जेथे आवण लावीत होता, तेथूनच आज मुलगा बोट हाकतो. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरते. एरवी बुडालेले वाघेश्वराचे देऊळ उघडे पडते. स्नेह्यांची बोट तुंगाच्या पायथ्याकडे उथळ पाण्यात होती. आणखी चार दिवसांनी ती चिखलात रुतली असती. म्हणून ती पवनानगरच्या बाजूला, खोल पाण्यात न्यायची होती. हाताशी माणूस नव्हता. म्हणाले, “बुवा, तुम्ही नुस्तं पुढं बसा अन् बांबूनं पाणी बघा.” आम्ही आनंदाने गेलो. हेच पाणी पुढे मुळेतून भीमेला मिळते आणि पंढरीच्या वाळवंटाशी जाते, या विचाराने तर मन भरून आले.

संध्याकाळी लोणावळ्यास आमचे कीर्तन होते. स्नेही मात्र काठाकाठाने लांबचा वळसा घेऊन चालले होते. आमचा जीव घाईला आला. आम्ही म्हणालो, “अहो, समोर एवढे मोकळे पाणी आहे. तिरपे काढा ना सरळ!” त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग, “बुवा म्हणत्यात तर तसं,” म्हणून इंजिनाचा दांडा फिरविला. आणि आम्ही? हातातला बांबू आडवा ठेवून घड्याळ पाहत बसलो.

थोड्याच वेळात खालून खडाक् असा आवाज झाला. इंजिन नुसते ओरडू लागले, बोट हलेना. वर उचलून पाहतो तो पंख्याचे एक पाते वाकलेले, पिन तुटलेली. स्नेही शांतपणे म्हणाले, “पाणी वरनं सारखंच दिसतं, बुवा. खाली गाव हाय आमचं.”

‘पांडुरंगाची इच्छा’ हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. ते तेथेच थांबले. इच्छा पांडुरंगाची नव्हती, आमची होती.

पुढे वल्ही मारीत काठ गाठला. दुधिवरे खिंडीतून लोणावळ्यास पोहोचेपर्यंत रात्र झाली. मंडळींनी हरिपाठ आटोपून भजन चालू ठेवले होते. ज्यासाठी एवढी घाई केली, ते आमच्यावाचून अडले नव्हते.

कोणी म्हणेल, दांडा त्यांच्या हाती होता. त्यांनी नाही म्हणायचे होते. खरे आहे. करणाऱ्याचा वाटा सुटत नाही. पण लहानपणी पाठशाळेत शिकलेले व्याकरण आम्हांला त्या रात्री आठवले. जो दुसऱ्याकडून काम करवितो, त्या प्रयोजकाला पाणिनीने हेतू तर म्हटलेच, शिवाय कर्ताही म्हटले. पन्नास वर्षे आम्ही हे इतरांना शिकविले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा देवाचे नाव पुढे करणार होतो!

त्यातून आपल्या संप्रदायात बुवांचा शब्द सहसा कोणी मोडीत नाही. ज्याचा शब्द मोडला जात नाही, त्याने तो उच्चारण्यापूर्वी दुप्पट विचार करावयास हवा. आपण एकमेकांच्या पाया पडतो, एकमेकांना माउली म्हणतो. मग त्या माउलीला आपल्याहून अधिक कळते, हे एखाद्या वेळी तरी मानावे की नाही?

भगवंतांचेच पाहा. कुरुक्षेत्री लगाम हाती होता, तरी अर्जुनाने सांगितले तेथेच त्यांनी रथ उभा केला. पुढे अठरा अध्याय समजाविले, आणि शेवटी निर्णय अर्जुनावरच सोपविला. साह्य करणाऱ्याची जागा ही अशी. आम्हांला तर केवळ बांबू धरावयास सांगितले होते. तेवढेही झाले नाही.

नव्या पंख्याचे पैसे घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी घेतले, हे बरे झाले; नाही तर आमच्यावर आणखी एक ऋण चढले असते. निघताना त्यांनी एवढेच म्हटले, “पुढल्या वेळी सांगू नका बुवा, इचारा.”

यंदाच्या वैशाखात पुन्हा बोलावणे आले. आम्ही पुढे बसलो, बांबू पाण्यात सोडला, आणि विचारले, “इकडून जाते का हो?” ते म्हणाले, “नाय जात.” मग वळशानेच गेलो.