चंद्रोदयाची वाट

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतले सात्त्विक सुख ओळखण्याची खूण मोठी व्यवहारी आहे. हे सुख सुरुवातीला कडू लागते. अभ्यासाने मन त्यात रमते आणि गोडी मागाहून कळते. राजस सुखाची तऱ्हा नेमकी उलट. पतंजलींनी अभ्यास मुरण्यासाठी तीन अटी घातल्या: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये, आणि तो आदराने व्हावा. या तिन्हींत एखाद्या विलक्षण अनुभूतीची अट नाही. रोजच्या उपासनेतला आनंद समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

बीड जिल्ह्यातले लिंबागणेश हे भालचंद्र गणेशाचे स्थान. गणपतीला हसल्यामुळे शाप मिळालेल्या चंद्राने इथे तप केले, गणपती प्रसन्न झाला आणि त्याने चंद्राला कपाळी धारण केले, अशी कथा सांगतात. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये, हा संकेत त्या शापाशी जोडलेला आहे. मात्र दर वद्य चतुर्थीला, म्हणजे संकष्टीला, त्याच चंद्राचे दर्शन घेतल्याशिवाय उपवास सुटत नाही. ज्याला एक दिवस वर्ज्य ठरवले, त्याच्यावाचून दर महिन्याचे व्रत पुरे होऊ नये, ही या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

मराठवाड्यातल्या घरी संकष्टी साधीच असते. दिवसभर भगर, शेंगदाण्याची आमटी किंवा साबुदाण्याची खिचडी. संध्याकाळी दूर्वांची जुडी, अथर्वशीर्ष, आरती. मग दिनदर्शिकेवर गावाची चंद्रोदयाची वेळ पाहायची आणि थांबायचे. ही वेळ ऋतूप्रमाणे मागेपुढे होते. कधी रात्रीचे साडेआठ, कधी साडेनऊ उलटून जातात. पोरे गच्चीवर चकरा मारतात, आभाळ भरलेले असेल तर वेळ पाहून अर्घ्य देतात. चंद्र कुणासाठी लवकर उगवत नाही. महिन्यातून एकदा माणूस आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची चिडचिड न करता वाट पाहतो, आणि व्रताचे खरे शिक्षण त्या वाट पाहण्यात आहे. (त्या वेळी स्वयंपाकघरात उपाशीपोटी मोदक वळणाऱ्या बाईचे शिक्षण जरा जास्तच होते, हेही नोंदवले पाहिजे.)

मिळालेल्या गोष्टीची सवय होते आणि तिचा आनंद ओसरतो, हे मानसशास्त्रानेही मांडले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये लॉटरी जिंकलेल्यांचा अभ्यास केला. ते इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत, उलट रोजच्या लहानसहान गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. नवसाचेही असेच होते. तो फेडला की व्यवहार संपतो, आणि पुढच्या नवसापर्यंत देव आठवत नाही. नित्यनेमाला असा शेवटचा हप्ता नसतो. त्याचा आनंद काही मिळण्यावर टेकलेला नसल्यामुळे न मिळण्याने तो जातही नाही.

बीडच्या मातीत या नेमाचे अनेक नमुने आहेत. गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात: पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काला. सात दिवस गाव भारलेले असते. पण आठव्या दिवशी मंडप सुटल्यावर काय उरते, यावर सप्ताहाची किंमत ठरते. जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. त्यांच्या वीरशैव परंपरेत इष्टलिंग अंगावरच धारण करतात आणि रोज तळहातावर घेऊन पुजतात; त्यासाठी देवळाची वाट धरावी लागत नाही. अंबाजोगाईचे दासोपंत (1551-1615) रोज एका ढब्बू पैशाची शाई लिहून संपवीत, असे परंपरा सांगते. त्यांचा अफाट 'गीतार्णव' आणि कापडावर लिहिलेली 'पासोडी' पाहता त्या कथेवर विश्वास ठेवावासा वाटतो.

दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तिथल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, देव्हाऱ्याला जागा नसते. पाठ केलेला हरिपाठ मात्र बरोबर जातो. नेम लहान आणि पाठांतरातला का असावा, याचे उत्तर इथे मिळते. अर्थात दुष्काळात जपाने टँकर येत नाही आणि मुकादमाची उचलही फिटत नाही. भक्तीच्या नावाखाली असे प्रश्न झाकणे ही फसवणूकच होय. नेमाने होते ते इतकेच, की दिवसातला एक तुकडा त्या काळजीच्या ताब्यात जात नाही.

नेमाला एक कीडही लागते. आपला नेम चुकत नाही, याचा अभिमान चढला की माणूस दुसऱ्याचे चुकलेले नेम मोजू लागतो, आणि मग उपवास असूनही घरातल्यांना त्याचा जाचच होतो.

संकष्टी वर्षात साधारण बारा येतात, अधिक महिना असेल तर तेरा. ज्याला सुरुवात करायची आहे, त्याने पुढची धरावी. लिंबागणेशला जाणे नंतर, सवडीने झाले तरी चालते.